सात दोनदा

कपाटाच्या खालच्या खणात माझ्या व्यायामाच्या चार वह्या आहेत. चारही जवळजवळ कोऱ्या. पहिल्या पानावर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, मिनिटं, उठाबशा, शेरा. पहिली वही अकराव्या दिवशी थांबते, दुसरी नवव्या. तिसरीत शेवटच्या नोंदीपुढे ‘पाऊस’ असा शेरा आहे, आणि तो पाऊस बहुधा पुढे कधी थांबलाच नाही. चौथीत नुसतेच रकाने. आखण्यातच उत्साह संपला असावा.

या वह्यांची पूर्वी लाज वाटायची. आता वाटत नाही, पण मी त्या टाकूनही दिलेल्या नाहीत. स्वतःच स्वतःला मोजायला बसलं की काय होतं, याचा तो लेखी पुरावा आहे. दांडी मारणारीही मी आणि हजेरी घेणारीही मीच. दोघींचं आतून संगनमत होतं.

व्यायामाच्या ग्रुपमध्ये मी गेले ती व्यायामासाठी नव्हेच. शेजारणीला पहाटेच्या अंधारात एकटीने मैदानापर्यंत जायची भीती वाटायची. ‘तू नुसती चल गं, हवं तर बाकावर बसून राहा,’ म्हणाली. पहिले चार दिवस मी खरंच बाकावर बसून राहिले. पाचव्या दिवशी थंडी वाजायला लागली म्हणून उठून हात हलवले. तीन आठवड्यांनी तिने येणं बंद केलं. मी अजून जाते आहे, आता सहा वर्षं होतील. भेटली की ती विचारते, ‘अजून जातेस?’ त्यात थोडं कौतुक असतं, थोडा आरोप.

सहा वर्षांत माझी इच्छाशक्ती वाढली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालेलं नाही. गजर वाजला की पहिला विचार आजही ‘आज नको’ हाच येतो. दुसरा विचार तेवढा बदलला. पूर्वी तो ‘उद्यापासून नक्की’ असा असायचा, आता ‘माझ्या जागी कोण उभं राहील?’ असा असतो. आमच्या जागा ठरलेल्या आहेत. कुणी ठरवून दिल्या नाहीत, उभं राहता राहता ठरून गेल्या.

आम्ही बारा जण गोल करून उभे राहतो. आमचे सर कमी बोलणारे, शिट्टीसुद्धा वाजवत नाहीत. त्यांची एकच खोड आहे, मोजणी फिरती ठेवायची. स्क्वॉट (म्हणजे उठाबशाच) असोत की लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), पहिल्याने मोठ्याने एक ते दहा मोजायचे, मग त्याच्या डावीकडच्याने पुन्हा एकपासून दहा. गोल पुरा होईपर्यंत चालू. बारा माणसं म्हणजे १२० झाले. ‘आज १२० स्क्वॉट काढायचेत’ असं मला कुणी सांगितलं असतं तर मी निमूट बाकावर परतले असते. पण तो आकडा कधी समोर येतच नाही. समोर असतात फक्त शेजारच्याचे दहा, आणि माणूस दहापर्यंत कुणाचीही साथ देतो.

मोजणीची सुरुवात आजींपासून. गोलातल्या सगळ्यांत वयस्क, ७२ वर्षांच्या. त्यांच्या मागे सरांनी एक खुर्ची ठेवलेली असते. तिला जेमतेम टेकून त्या उठतात, दमल्या की बसून घेतात, पण आवाज खणखणीत. ‘चार, पाच, सहा, सात, सात, आठ...’ सात दोनदा. रोज. त्यामुळे आमचे पहिले दहा हे अकरा असतात. नवीन माणसाचा तिथे हमखास गोंधळ उडतो. आम्ही कधी त्यांची चूक काढली नाही. आधी वाटायचं, वयामुळे विसरत असतील. त्याबद्दल पुढे सांगते.

चारचौघांत माणसाच्या अंगात बळ कुठून येतं, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांना दिसलं की एकट्याने घड्याळाविरुद्ध पळणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असणारा सायकलस्वार वेगाने जातो. (सोबत्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो हेही खरं, पण ट्रिप्लेटना तेवढ्याने समाधान होईना.) मग त्यांनी ४० मुलांना मासे पकडायच्या गळाची चरकी फिरवायला दिली, कधी एकेकट्याने, कधी दुसऱ्या मुलाबरोबर चढाओढीने. १८९८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. वीस मुलं जोडीदार असताना जास्त वेगाने फिरवत होती. या वीस जणांची गोष्ट सगळे सांगतात. उरलेल्यांपैकी दहांना काही फरक पडला नाही आणि दहा मुलं चक्क मंदावली. शेजारी कुणी आहे म्हटल्यावर त्यांचे हात गडबडले. त्या दहांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडेही असं एक माणूस येऊन गेलं.

फ्रान्समधले शेतकी अभियंता माक्स रिंगेलमान यांची दोरी याच्या बरोबर उलट सांगते. माणसांना दोर ओढायला लावून त्यांनी जोर मोजला. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर घटत गेला. आठ जणांत तो जवळपास निम्म्यावर आला. १९१३ साली हे प्रसिद्ध झालं. थोडा दोष ताळमेळाचा, सगळ्यांचा झटका एका क्षणी बसत नाही. पण थोडा लपण्याचाही असणार. दोरीवर सोळा हात असले की माझे दोन सैल पडलेले कुणाला कळणार? मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या आवाजातल्या संगीतावर, पन्नास जणांच्या बॅचमध्ये मी एकदा महिनाभर जाऊन आले, तेव्हा मी हेच केलं. मागच्या रांगेत हात हलवत राहिले. महिना संपल्यावर मी गेले नाही, आणि माझी अनुपस्थिती जाणवावी असं तिथे कुणी नव्हतंच.

आमच्या सरांनी रिंगेलमान वाचला असेल असं वाटत नाही, पण फिरती मोजणी हे त्या दोरीवरचं औषध आहे. तुमचे दहा आले की सगळं मैदान तुमचा आवाज ऐकतं. दम लागलेला असला तर तोही ऐकतं.

जोडीच्या व्यायामाचंही असंच. ऑटो क्योलर या जर्मन संशोधकाने १९२०च्या दशकात बर्लिनच्या रोइंग क्लबातल्या गड्यांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकटं, मग जोडीने एकच दांडा धरून. जोडीतला एक थकून थांबला की दुसऱ्याचंही संपलं. अशा वेळी जोडीतला कमी ताकदीचा गडी एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. अट एकच, दोघांतलं अंतर फार मोठं नको आणि अगदी शून्यही नको. हे वाचलं तेव्हा मला माझी प्लँकची (पालथं होऊन कोपरांवर अंग ताठ धरून राहायचं) जोडीदारीण आठवली. ती माझ्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद जास्त टिकते. नेहमी तेवढंच. मी ३० सेकंदांवर होते तेव्हा ती ४५वर होती, मी मिनिटावर आले तेव्हा ती सव्वा मिनिटावर. मला बरेच दिवस वाटायचं, ही माझ्यापेक्षा जराशीच बरी आहे. मग एकदा मी गैरहजर असताना ती दोन मिनिटं टिकली, असं मला बाहेरून कळलं. मी तिला काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही.

चालण्याच्या फेऱ्यांत मात्र आम्ही भरपूर बोलतो. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की व्यायाम मध्यम तीव्रतेचा, हा साधा ठोकताळा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सांगते. आमचे सर हे कानाने मोजतात. गलका फार झाला की वेग वाढवायला लावतात, सगळे गप्प झाले की कमी करायला. त्यामुळे आमच्या गप्पांना एक अधिकृत दर्जा आलेला आहे.

या मैत्रीचा नकाशा जरा विचित्र आहे. गोलातल्या निम्म्या लोकांची आडनावं मला माहीत नाहीत. कोण काय काम करतं, हेही दोघा-तिघांच्या बाबतीत नुसता अंदाजच. पण कुणाचा डावा गुडघा कुरकुरतो, कुणाला मान वळवताना चक्कर येते, कोण रात्री नीट झोपत नाही, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. बाहेरच्या जगात आपण माणसाच्या वरच्या थरातून आत जातो: नाव, हुद्दा, घर, मग हळूहळू दुखणी. इथे दुखण्यांपासून सुरुवात होते. शिवाय बर्पी (हात टेकून पाय मागे फेकायचे, मग उठून उडी) काढताना कुणालाच आब राखता येत नाही. तोंड लाल, केस विस्कटलेले, श्वासाचा भाता. एकमेकांना इतक्या वाईट अवस्थेत रोज पाहिल्यावर रुबाब कुणापुढे करणार?

आणि आपण शेजारी शेजारी असतो, समोरासमोर नसतो. एक काका, एरवी ‘हं’च्या पुढे न जाणारे, एकदा पायाचे अंगठे धरायला वाकलेले असताना म्हणाले, ‘नोकरी गेली माझी. घरी अजून सांगितलं नाही.’ त्यांचं डोकं खाली, माझंही खाली. दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. मी म्हटलं, ‘काका, कधी?’ ते म्हणाले, ‘सोमवारी.’ तेवढ्यात सर ‘हळूच वर या’ म्हणाले आणि आम्ही वर आलो. नंतरच्या दोन फेऱ्या मी त्यांच्या वेगाने चालले. घरी कसं सांगायचं, यावर तिसऱ्या फेरीत ते स्वतःच बोलायला लागले.

एका लयीत हालचाल करण्यात काहीतरी आहे, हे मात्र खरं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या बारा रोइंगपटूंना यंत्रांवर वल्हवायला लावलं, कधी एकट्याने, कधी एका तालात. २०१० साली हा अभ्यास छापून आला. मेहनत सारखीच, पण तालात वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सहन करायची मर्यादा जास्त वाढलेली आढळली. बारा माणसं म्हणजे फारच थोडी, त्यावर इमले बांधू नयेत. तरी आम्हीही बाराच आहोत, म्हणून मला तो अभ्यास जवळचा वाटतो.

आता त्या येऊन गेलेल्या माणसाची गोष्ट, जी मी लिहायची टाळत होते.

तिसऱ्या वर्षी एक बाई आमच्यात आल्या. अंगाने बऱ्याच स्थूल, स्वभावाने हसऱ्या. पहिल्याच आठवड्यात जागच्या जागी उड्या मारताना कुणीतरी म्हणालं, ‘जपून हं, मैदान हललं.’ सगळे हसले. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. सगळ्यांत मोठ्याने त्या स्वतः हसल्या. मग दोन दिवस आल्या, आणि मग नाही. ‘कामात असतील,’ असं कुणीतरी म्हणालं, ते आम्हाला सोयीचं होतं. एरवी कुणी एक दिवस चुकला तरी फोन करणारे आम्ही, पण त्यांना कुणीच फोन केला नाही. बारा मोजले आणि पुढे गेलो. ज्या गोलात माणसाची गणती होते, तोच गोल एखाद्याला गणतीतून वगळूही शकतो, आणि तेही हसतखेळत, कुणाच्या मनात फारसं वाईट नसताना. बाहेर उभ्या माणसाला गोल म्हणजे नुसत्या पाठी दिसतात.

वर्षभराने त्या मला रस्त्यात भेटल्या. कानाला हेडफोन, अंगाने थोड्या उतरलेल्या. ‘मी एकटीच चालते आता,’ म्हणाल्या, ‘छान वाटतं.’ त्या खरं बोलत होत्या. काही जणांना एकटंच बरं पडतं, सगळ्यांना गोलात ओढायची गरज नसते. पण त्यांची माफी मागायची संधी मला त्या दोन मिनिटांत मिळाली होती आणि मी हवेबद्दल बोलले.

त्या प्रसंगानंतर सर आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. फक्त पुढचा नवीन माणूस आला तेव्हा त्याला आजींच्या शेजारी उभं केलं. त्याच्या पुढच्यालाही. तेव्हापासून हा नियमच झाला. आजींनी मोजायला सुरुवात केली, सात दोनदा म्हटलं, की नवीन माणूस हमखास चुकतो, सगळे हसतात, आणि ते हसणं त्या साताला असतं. त्याच्या पोटाला, धापेला, जुन्या बुटांना नसतं. महिना-दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की आजी तो सात अलीकडे जास्तच ठसक्यात म्हणतात. आणि नवीन कुणी नसताना, मी दोन-तीनदा नीट कान देऊन ऐकलं, तेव्हाही म्हणतात. मग मात्र मी अंदाज बांधणं सोडलं.

चौथ्या वर्षी पायरी चुकून माझा घोटा मुरगळला. सहा आठवडे व्यायाम बंद. पहिले दोन दिवस मनातल्या मनात सुटका झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी आजींचा फोन. ‘कशी आहेस’ वगैरे नाहीच. ‘तुझे दहा रोज कोण मोजणार? पाय दुखतोय ना, तोंड तर नाही?’

काठी टेकत गेले. सुरुवातीच्या दिवसांतला तोच बाक. सरांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. माझ्या जागी गोलात फट ठेवलेली होती. माझी पाळी आली की मी बाकावरून ओरडून दहा मोजायची. सहा आठवडे एकही स्क्वॉट न काढता मी रोज व्यायामाला गेले. वहीच्या हिशेबाने ते सगळे दिवस शून्याचे.

पुढे कळलं की या बाकावरून एक मोठी गोष्ट सुरू झालेली आहे. पॉल सिंटन-ह्युइट या धावपटूला दुखापत झाली होती, धावता येत नव्हतं, पण धावणाऱ्या मित्रांची संगत सोडवत नव्हती. मग २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये त्यांनी मित्रांसाठी ५ किलोमीटरची धाव ठेवली. धावायला तेरा जण आले. स्वतः सिंटन-ह्युइट धावले नाहीत. तीच आजची पार्करन. ती अनेक देशांत पसरली, ठरलेल्या दिवशी, विनामूल्य, स्वयंसेवकांच्या जोरावर. त्यात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो. म्हणजे शेवटचा येणारा माणूस कधीच शेवटचा नसतो. इतकी साधी, इतकी शहाणी सोय मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

मागे राहणाऱ्या माणसाची आणखी एक गोष्ट मला प्रिय आहे. १९६२ साली बिल बॉवरमन, ऑरेगन विद्यापीठातले नामांकित प्रशिक्षक आणि पुढे नायकीच्या दोन संस्थापकांपैकी एक, न्यूझीलंडला गेले. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना जॉगिंग करणाऱ्या साध्यासुध्या लोकांच्या एका गटाबरोबर नेलं. पन्नाशी ओलांडलेले, इतरांना धावायला शिकवणारे बॉवरमन थोड्याच वेळात धापा टाकत मागे पडले. त्यांच्यासाठी वेग कमी करून सोबत राहिला तो सत्तरी उलटलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक गृहस्थ. वाटेत तो गप्पा मारत होता. बॉवरमनना उत्तर द्यायला दम नव्हता. परत गेल्यावर त्यांनी आपल्या गावी सामान्य लोकांसाठी जॉगिंग सुरू केलं, आणि अमेरिकेत त्याची लाट आली. त्या गृहस्थाने त्या दिवशी काय केलं होतं? पुढे जाता येत असताना तो गेला नाही.

संगतीने आयुष्य वाढतं का, याचेही आकडे आहेत. २०१० साली १४८ अभ्यास, ३,०८,८४९ माणसं एकत्र पाहून संशोधकांनी मांडलं की भक्कम नातीगोती असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात तगून राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती. कोपनहेगनच्या २०१८च्या अभ्यासात टेनिस खेळणारे व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ९.७ वर्षं जास्त जगताना दिसले, बॅडमिंटनवाले ६.२, आणि जिममध्ये जाणारे जेमतेम दीड. खेळायला समोर माणूस लागतं म्हणून असं असेल, असा त्याचा एक अर्थ लावतात. टेनिस खेळणारे मुळातच सुस्थितीतले असतील, असाही लागू शकतो. हे आकडे मी एकदा गोलात वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, ‘म्हणजे मी तुम्हाला औषध म्हणून भेटते की काय?’ मी कागद घडी करून खिशात ठेवला.

गेल्या महिन्यात आजी मुलीकडे राहायला गेल्या, दुसऱ्या गावी, कायमच्या. शेवटच्या दिवशी भाषण वगैरे झालं नाही. खुर्ची घडी करून त्यांनी सरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘हिचा एक पाय डुगडुगतो, बघून घ्या.’

दुसऱ्या दिवशी आम्ही गोल करून उभे राहिलो. त्यांची जागा तशीच राहिली, कुणी सरकलं नाही. स्क्वॉट सुरू करायचे होते आणि सुरुवात कुणी करायची हेच कळेना. सगळे सरांकडे बघायला लागले, सर जमिनीकडे. रिकाम्या जागेच्या डावीकडे एक मुलगा होता, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी आलेला, आमच्यात सगळ्यांत नवा. त्याने घसा खाकरला आणि मोजायला लागला. ‘एक, दोन, तीन...’ आम्ही खाली गेलो, वर आलो. ‘चार, पाच, सहा, सात...’

तो किंचित थांबला. मग म्हणाला, ‘सात.’